मुलांची रहस्यकथा आणि भा. रा. भागवत

वऱ्हाडांत दिवेलागणीनंतर मुलांना कोडीं घालण्याची चाल फार जुनी आहे. आजीनें कोडें घालावें, मुलांनीं तर्क लढवावा, तर्क संपले म्हणजे 'हरलों' म्हणून कबूल व्हावें, आणि उत्तर ऐकल्यावर आपल्याच कपाळावर हात मारून घ्यावा, असा तो खेळ. उत्तर कोड्याच्या शब्दांतच दडलेलें होतें, तें आपणांस दिसलें नाहीं, याची हळहळ आणि तें आतां दिसलें याचा आनंद हीं दोन्ही एकाच क्षणीं मुलाच्या मनांत येतात. पुढें ज्या वाङ्मयप्रकाराला रहस्यकथा असें नांव मिळालें, त्याचें सारें मर्म या खेळांत आहे.

गुपित राखण्याची कला तर या प्रांताला शतकानुशतकें अवगत होती. अमरावती जिल्ह्यांत मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें मोठें क्षेत्र. तेथेंच तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या लीळा जमवून मराठी गद्याचा आद्य ग्रंथ सिद्ध केला. पुढें या पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर, आणि त्याची किल्ली केवळ पंथीयांपाशीं. बाहेरच्या विद्वानांस या पोथ्या कैक शतकें अगम्य राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनीं ती किल्ली शोधून काढली, तेव्हां कोठें मराठी भाषेचा एवढा मोठा ठेवा जगापुढें आला. शोधकाची एखादी कथा याहून अधिक रोमांचकारी असेल असें वाटत नाहीं.

असें असूनहि छापील पुस्तकांच्या जगांत मराठी मुलाच्या वाट्याला कोडें फार उशिरा आलें. त्याच्या वाट्याला आला तो बोध. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें 'बाळमित्र' हें पुस्तक १८२८ साली निघालें. तें मूळ फ्रेंचांतून इंग्रजींत व इंग्रजींतून मराठींत आलेलें. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ मध्यें 'बालबोध' मासिक सुरू केलें व तें एकहातीं तीस वर्षांहून अधिक काळ चालविलें. १९०६ मध्यें वा. गो. आपटे यांचा 'आनंद' निघाला. या मंडळींचे उपकार थोर आहेत. त्यांनीं मुलांसाठीं सोपी, शुद्ध भाषा घडविली, आणि ज्या काळीं मुलांकरितां वेगळें लिहावें हीच कल्पना नवी होती त्या काळीं पदरास खार लावून लिहिलें. परंतु त्यांच्या पानांतील मूल बहुधा ऐकणारें आहे. थोरांनीं सांगावें, त्यानें ऐकावें. चरित्र असो, शास्त्रीय माहिती असो कीं गोष्ट असो, शेवटीं तात्पर्य ठरलेलेंच. मुलानें स्वतः कांहीं शोधून काढावें, आणि कथेंतील वडील माणसें ज्या ठिकाणीं चुकलीं तेथें त्यानें चुकूं नये, असा विश्वास त्या वाङ्मयानें मुलावर टाकला नव्हता.

दुसऱ्या बाजूला प्रौढांची रहस्यकथा जोरांत वाढत होती. कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स १८८७ मध्यें इंग्लंडांत प्रथम अवतरला आणि पुढच्या अर्धशतकांत त्याची छाया मराठीवरहि पडली. बाबूराव अर्नाळकरांनीं तर झुंजार, काळा पहाड अशा नायकांच्या हजाराहून अधिक कथा लिहिल्या. त्या शाळकरी मुलेंहि वाचीत, परंतु भूगोलाच्या पुस्तकाआड धरून. शाळामास्तरांनीं त्या हिसकावून घ्याव्यात, घरीं बोलणीं खावीं लागावींत, असा प्रकार. या विरोधांत तथ्य मुळींच नव्हतें असें म्हणतां यावयाचें नाहीं. पिस्तुलें, खून आणि रंगेल खलपुरुष यांनीं भरलेलीं तीं पुस्तकें मुलांसाठीं लिहिलेलींच नव्हतीं. चूक होती ती दुसरीकडे. मुलाला रहस्याची भूक आहे हें पाहून त्याच्यासाठीं वेगळें ताट वाढण्याऐवजीं त्याचें खाणेंच बंद करावें, हा तो उपाय होता. जर्मनींत १९२९ मध्यें एरिश केस्टनर यानें 'एमिल आणि गुप्तहेर' ही कादंबरी लिहून वेगळा मार्ग दाखविला होता. लहान गांवचा एक मुलगा आगगाडीनें बर्लिनला निघतो, वाटेंत त्याच्या आईनें दिलेले पैसे चोरीस जातात, आणि शहरांतील अनोळखी मुलांच्या टोळीच्या साहाय्यानें तो चोराला गांठतो. खून नाहीं, पिस्तूल नाहीं. चोरीस गेलेली रक्कमहि मोठी नाहीं. परंतु ती आईच्या कष्टाची आहे, आणि म्हणून वाचकाचा जीव तींत अडकतो.

मराठींत हें काम ज्यांनीं केलें ते भास्कर रामचंद्र भागवत. त्यांचा जन्म ३१ मे १९१० रोजीं इंदूर येथें झाला. इंदूरची मराठी ही दरबारी आणि घरगुती अशा दोन्ही वळणांची. हिंदीच्या शेजारीं राहून तिला एक मोकळा खळखळाट आलेला. भागवतांच्या लेखनांत जो बोलका, उड्या मारीत जाणारा सूर आहे, त्याचें मूळ कदाचित् तेथें असेल. त्यांनीं आपलें आयुष्य मुलांसाठीं लिहिण्यांत वेंचलें. 'बालमित्र' हें मुलांचें मासिक त्यांनीं चालविलें. छत्र्यांच्या पुस्तकाचेंच जवळजवळ हें नांव, परंतु सव्वाशे वर्षांत मित्रत्वाचा अर्थ किती बदलला होता! छत्र्यांचा मित्र उपदेश करणारा वडीलधारा. भागवतांचा मित्र खांद्यावर हात टाकून, 'चल, काय झालें तें पाहूं,' म्हणणारा. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याहि बालवाङ्मयाच्या नामवंत लेखिका होत्या, आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील वनिता मंडळामुळें त्यांचें नांव घरोघरीं पोंचलें होतें. पतिपत्नी दोघांनींहि मुलांसाठीं लेखणी झिजवावी, असें उदाहरण मराठींत विरळाच.

रहस्यकथेकडे वळण्यापूर्वीं भागवतांच्या हाताला चांगली तालीम मिळाली ती ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराच्या भाषांतरांची. व्हर्नच्या कथा म्हणजे शास्त्राच्या खुंट्यांवर टांगलेलीं साहसें. त्या मराठींत आणतांना पांडित्याच्या ओझ्याखालीं मूल दबून जाण्याची भीति होती. भागवतांनीं ती कशी टाळली हें नुसत्या नांवांवरूनहि कळतें. एका पुस्तकाचें नांव त्यांनीं 'चंद्रावर स्वारी' असें ठेवलें. 'स्वारी' हा आपल्या बखरींतला शब्द. मराठी मुलाला चंद्र एकदम पानिपताच्या किंवा कर्नाटकाच्या रांगेंत येऊन बसल्यासारखा वाटावा. धूमकेतूवर बसून सूर्यमालेंत हिंडून येणाऱ्या मंडळींच्या कथेला त्यांनीं 'मुक्काम शेंडेनक्षत्र' असें नांव दिलें. पत्राच्या डोक्यावर आपण 'मुक्काम अकोला', 'मुक्काम दर्यापूर' असें लिहितों, तसाच हा पत्ता! अवकाशांतील भयंकर एकाकीपणा एका शब्दानें घरगुती करून टाकणें, ही साधी करामत नव्हे. भाषांतरकारानें मूळ ग्रंथाशीं प्रामाणिक रहावें, असें सर्वच सांगतात. भागवत आपल्या वाचकाशींहि प्रामाणिक राहिले.

त्यानंतर आला फास्टर फेणे. पूर्ण नांव बनेश फेणे. राहणार फुरसुंगी, पुण्याच्या पूर्वेस हवेली तालुक्यांतील एक गांव. अंगानें किडकिडीत, पायांत वारें भरलेलें, सायकलवर बसला म्हणजे दिसेनासा होणारा. शिकावयास पुण्याच्या विद्याभवनांत. या चपळाईमुळें त्याला 'फास्टर' हें नांव पडलें. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीनें पाहिलें तर हें तरभावाचें रूप आहे, तमभावाचें नव्हे; कोणापेक्षां अधिक जलद, हें त्यांत सांगितलेलें नाहीं. परंतु लेखकानें 'फास्टेस्ट' म्हटलें नाहीं यांतच त्याचा विवेक दिसतो. फेणे सर्वांत श्रेष्ठ नाहीं. त्याच्यापेक्षां बलवान मुलें आहेत, हुशार माणसें आहेत, आणि चोर तर पुष्कळदां त्याच्या दुप्पट उंचीचे आहेत. तो त्यांच्यापेक्षां फक्त एक पाऊल अगोदर निघतो.

कांहीं विचित्र नजरेस पडलें, कीं त्याच्या तोंडून 'टॉक्' असा आवाज निघतो. हा आवाज म्हणजे भागवतांच्या प्रतिभेचा खरा नमुना आहे. होम्सला चिरूट आणि भिंग, तसा फेणेला हा टॉक्. परंतु भिंग विकत घ्यावें लागतें, आणि चिरूट मुलाच्या हातीं देतां येत नाहीं. टॉक् करण्यास मात्र फक्त जीभ आणि टाळू पुरे. गरीब घरचा मुलगाहि पुस्तक मिटल्यावर तो करून पाहूं शकतो, आणि करून पाहतोच. या आवाजानें दुसरेंहि एक काम होतें. आतां येथें लक्ष दे, डोळ्यांसमोरून कांहींतरी निसटत आहे, असा तो वाचकाला दिलेला इशारा असतो. फेणेला जें दिसलें तें वाचकालाहि दिसलेलें असतें, कारण लेखक तें लपवून ठेवीत नाहीं. मग दोघांची शर्यत लागते. आजीच्या कोड्यांतला न्याय तो हाच.

फेणेच्या कथांचीं पुस्तकें वीसच्या घरांत आहेत. तीं सर्वच सारख्या मोलाचीं नाहींत. कांहींत योगायोग जरा सढळ हातानें वापरलेला आहे, आणि फेणे एखाद्या आपत्तींतून सुटतो तेव्हां बुद्धीपेक्षां नशीबच अधिक कामास आलें असें वाटतें. परंतु नुसतीं नांवें वाचलीं तरी त्यांचा पल्ला ध्यानांत येतो. फेणे प्रतापगडावर जातो, जंगलांत जातो, चक्रीवादळांत सांपडतो, गुलमर्गच्या बर्फांतलें गूढ उकलतो, विमानचोरांशीं झुंजतो. १९६२ मध्यें चीननें आक्रमण केलें, त्या युद्धाच्या धामधुमींतहि भागवतांनीं त्याला ईशान्य सीमेवर नेऊन सोडलें. म्हणजे वर्तमानपत्रांत वडील माणसें जें वाचीत होतीं, त्याच जगांत हा मुलगा वावरत होता. राजपुत्र आणि राक्षस यांच्या जगांतून मराठी मुलाला बाहेर काढून आगगाडी, तारघर, विमानतळ आणि सरहद्द यांच्या जगांत आणून सोडण्याचें श्रेय बरेंचसें फेणेकडे जातें.

त्याच्याबरोबर मामेबहीण माली आहे, शाळेंतले सोबती आहेत, आणि स्वतः भागवतहि आहेत! लेखक आपल्याच कथेंत पात्र होऊन येतो, फेणेची हकीकत ऐकून घेतो, कधीं त्याच्या धाडसानें हबकून जातो. प्रौढ मनुष्याला कथेंत स्थान आहे तें असें, उत्तर ठाऊक असणाऱ्या गुरुजीचें नव्हे, तर मुलाकडून गोष्ट ऐकणाऱ्या श्रोत्याचें. 'बालबोध'काळच्या नात्याची ही नेमकी उलटापालट आहे. सांगणारा आतां मुलगा, आणि ऐकणारा मोठा. भागवतांनीं हा बदल कोठें जाहीर केला नाहीं, त्यावर निबंध लिहिला नाहीं. गोष्टी लिहीत राहिले, आणि तो घडून आला.

या कथांतील खेडें आणि शहर यांचा संबंधहि लक्षांत घेण्यासारखा आहे. पुण्यामुंबईच्या लेखकांनीं लिहिलेल्या मुलांच्या पुस्तकांत खेड्यांतील मुलगा येई तो बहुधा दयेचा किंवा विनोदाचा विषय होऊन. फेणे फुरसुंगीचा आहे, आणि आपण फुरसुंगीचे आहोंत हें तो लपवीत नाहीं. शहरांतील मुलांना जें दिसत नाहीं तें त्याला दिसतें, कारण त्याच्या डोळ्यांना रान, पाऊलवाट आणि पांखरूं न्याहाळण्याची संवय आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर अशा गांवांतून अमरावती-अकोल्याच्या शाळांत येणाऱ्या मुलांना, आणि आपल्या बोलीमुळें शहरांत बिचकणाऱ्या मुलांना, हा नायक किती जवळचा वाटला असेल याची कल्पना सहज करतां येते. भागवतांचा आणखी एक बालशोधक आहे, बिपिन बुकलवार. तो पुस्तकांत बुडालेला. त्याचें आडनांवच बुकांवरून घडविलेलें दिसतें. परंतु उत्तरवार, मुनगंटीवार अशीं आडनांवें रोज ऐकणाऱ्या विदर्भातील कानांना हा बुकलवार आपल्याच पेठेंतला वाटावा, ही गंमत लेखकाच्या मनांत होती कीं नव्हती कोण जाणे.

आतां चित्रांविषयीं. मुलांच्या रहस्यकथेंत चित्र ही शोभेची वस्तु नसते. ती साक्ष असते. मजकुरांत खिडकी उघडी आहे आणि चित्रांत ती बंद दाखविली, तर चाणाक्ष वाचकाचा सारा तर्क फुकट जातो. उलट, चित्रकारानें उत्साहाच्या भरांत चोराचा चेहरा पहिल्याच पानावर संशयी काढला तर कोडें तेथेंच सुटतें. म्हणून लिहिणारा हात आणि रेखाटणारा हात एक असणें हें या प्रकारांत मोठें भाग्य. बंगाली मुलांना तें लाभलें. उपेंद्रकिशोर राय यांनीं १९१३ मध्यें 'संदेश' मासिक काढलें. ते स्वतः लेखक, चित्रकार आणि छपाईचे ठसे करण्याच्या विद्येंत पारंगत. त्यांचे नातू सत्यजित राय यांनीं १९६१ मध्यें 'संदेश'चें पुनरुज्जीवन केलें, १९६५ पासून त्यांत फेलुदा या शोधकाच्या कथा लिहिल्या, आणि त्यांचीं चित्रेंहि स्वतःच काढलीं. चित्रपटाच्या दिग्दर्शकाची दृष्टि असल्यामुळें कोणत्या क्षणाचें चित्र काढावें व कोणत्या क्षणाचें काढूं नये, हें त्यांना नेमकें ठाऊक होतें.

मराठींत हे दोन धंदे वेगळे राहिले. चित्रकारांची वाण मुळींच नव्हती. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगांवकर यांच्यासारख्या कलावंतांनीं मासिकांचीं व कादंबऱ्यांचीं मुखपृष्ठें सजवून घरोघरीं रंगांची आवड निर्माण केली; मुळगांवकरांच्या चित्रांनीं तर रहस्यकथांचे नायक लोकांच्या डोळ्यांसमोर उभे केले. परंतु मुलांच्या पुस्तकाची किंमत कमी, ठशांचा खर्च जास्त, त्यामुळें थोड्या रेषाचित्रांवर भागवावें लागे. भागवतांनीं या उणिवेवर जो तोडगा काढला तो लेखकाचा होता. त्यांनीं चित्र शब्दांतच काढलें. फेणे धांवतो तेव्हां वाक्यें आंखूड होतात. सायकल वळण घेते तेव्हां वाक्यहि वळतें. दार करकरतें, कांच खळ्ळकन् फुटते, पाणी डुबुक् करतें. मराठी भाषेंत अनुकरणवाचक शब्दांची जी प्रचंड संपत्ति आहे, आणि जी शाळेच्या निबंधांत ग्राम्य म्हणून खोडली जाते, ती त्यांनीं खुशाल उधळली. डोळ्यांना जें कमी पडलें तें त्यांनीं कानांकडून भरून घेतलें. हीं पुस्तकें मोठ्यानें वाचून दाखविण्यास इतकीं सोयीचीं कां, याचें उत्तरहि येथेंच सांपडतें.

भागवतांना दीर्घ आयुष्य लाभलें. १९८० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका झाली, आणि सुमीत राघवन या बालनटानें त्याला देह दिला. २७ ऑक्टोबर २००१ रोजीं, वयाच्या ९२ व्या वर्षीं, भागवत निवर्तले. पुढें १६ वर्षांनीं, २०१७ च्या ऑक्टोबरांत, त्याच तारखेला 'फास्टर फेणे' हा चित्रपट प्रकाशित झाला. त्यांत फेणे मोठा होऊन वैद्यकीय परीक्षेच्या गैरप्रकाराचा छडा लावतो, आणि दिलीप प्रभावळकर यांनीं स्वतः भागवतांची भूमिका केली आहे. आपल्या कथांत पात्र होऊन वावरणारा लेखक पडद्यावरहि पात्र होऊनच आला, हें औचित्य खरें. चित्रपटानें जुन्या पुस्तकांना नवे वाचक मिळवून दिले, हाहि मोठाच लाभ. तथापि पडद्यावरील फेणेला भ्रमणध्वनि आणि संगणक यांची जोड आहे. पुस्तकांतील फेणेजवळ सायकल आणि दोन डोळे. मुलाच्या हातांत कोणता फेणे अगोदर पडावा, याविषयीं जुन्या वाचकांचें मत उघड आहे.

एक गोष्ट मात्र वऱ्हाडच्या वाचकाला चुटपुट लावून जाते. फेणे प्रतापगडावर गेला, काश्मिरांत गेला, परंतु सातपुड्याच्या या बाजूचे किल्ले रहस्यकथेच्या लेखकांची वाट पाहतच राहिले. अकोटच्या उत्तरेस नरनाळा आहे. त्याच्या महाकाळी दरवाजावर पंधराव्या शतकाच्या अखेरचे शिलालेख आहेत, आंत नऊगजी तोफ पडलेली आहे, आणि चहूंकडे वाघाचें रान. चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजीं इंग्रजांनीं तोफांनीं त्याची बाहेरची भिंत पाडली, आणि आंत शिरल्यावर त्यांना समजलें कीं दरीपलीकडे दुसरी भिंत आहे आणि ती अभंग आहे. मग कॅप्टन कॅम्बेलच्या तुकडीनें शिड्या लावून ती भिंत कशी ओलांडली व आंतून दरवाजा कसा उघडला, हें इतिहासांत आहे. रिद्धपूरच्या पोथ्यांची सांकेतिक लिपी तर आतां उघडी झालेली. ती कोणीहि शाळकरी मुलगा आठ दिवसांत शिकूं शकेल आणि मित्राला गुप्त चिठ्ठी लिहूं शकेल. फुरसुंगीहून नरनाळ्यापर्यंतची मजल सायकलला जरा लांब पडली असती, परंतु मुंबई-नागपूरची गाडी अकोल्याला थांबते, आणि तेथून अकोटची वाट फेणेनें विचारून घेतली असती.